बेसबॉलचे अंपायर मैदानात एकमेकांशी बोलतात तरी कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला इथे न्यू जर्सीत लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये घातलं, आणि एका शनिवारी अंपायर कमी पडतोय म्हणून मलाच टोपी घालून उभं केलं. सांगलीत टेनिस बॉलच्या सामन्यांना लेग अंपायर म्हणून उभा राहायचो, तेवढीच शिदोरी. त्याला आता सात हंगाम झाले. भारतातून आलेले पाहुणे, मंडळातले मित्र, सामना बघायला आलेले आजी-आजोबा सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून काढली. ‘पिच’ हा शब्द इथे टाकलेल्या चेंडूसाठी आहे, खेळपट्टीसाठी नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

एका सामन्याला अंपायर असतात तरी किती?

मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, साध्या सामन्याला चार. कॅचरच्या (म्हणजे इथल्या विकेटकीपरच्या) मागे वाकून उभा असतो तो प्लेट अंपायर. बाकीचे तिघे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसजवळ. (बेस म्हणजे धाव पुरी करायला रनरने क्रमाने पाय लावायचे थांबे; शेवटचा थांबा होम प्लेट, जिथे बॅटर उभा असतो.) प्लेऑफ (हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने) आणि वर्ल्ड सिरीजला (अंतिम मालिका) आणखी दोघे येतात, डाव्या आणि उजव्या सीमारेषेवर. वर्ल्ड सिरीजमध्ये सहाजणांची ही पद्धत १९४७ पासून आहे. साध्या सामन्याला चौघे असावेत हे १९५२ मध्ये पक्कं झालं. एकोणिसाव्या शतकात बहुतेक सामने एकच माणूस सांभाळायचा, म्हणजे कुणाशी बोलायचा प्रश्नच नव्हता. संवादाची सगळी भानगड दुसरा अंपायर आला तेव्हा सुरू झाली.

चौघांची तुकडी हंगामाचा बराचसा काळ एकत्र फिरते. तिला क्रू म्हणतात आणि त्यातल्या ज्येष्ठाला क्रू चीफ. जागा रोज बदलतात. आज पहिल्या बेसवर असलेला उद्या प्लेटच्या मागे, आणि आज प्लेटमागे घाम गाळलेला उद्या तिसऱ्या बेसवर, जिथे काम जरा हलकं असतं.

आमच्या गावच्या लीगला दोघे मिळाले तरी देव पावला.

क्रिकेटसारखी वॉकीटॉकी नसते का?

चेंडू खेळात असताना अंपायर रेडिओवर बोलून ठरवत नाहीत. भिस्त डोळे, हात आणि घसा या तिन्हींवर. त्यामागे कारणही आहे. क्रिकेटमध्ये चेंडू पडला, अपील झालं, की अंपायरला निदान दोन श्वास घ्यायला वेळ असतो. बेसबॉलमध्ये एकाच फटक्यावर तीन रनर तीन दिशांना पळत असतात, चेंडू चौथीकडे, आणि कोणता अंपायर कुठे धावणार हे पहिल्या सेकंदात ठरावं लागतं. तेवढ्यात बटण दाबून “हॅलो, ऐकू येतंय का” करायला फुरसत नाही.

पिच टाकण्याआधी ते एकमेकांकडे बघून हातवारे करतात. ते काय असतात?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा संवाद हाच, आणि टीव्हीवर तो जवळपास कधीच दिसत नाही, कारण तेव्हा कॅमेरा पिचरच्या चेहऱ्यावर असतो.

बॅटर उभा राहायच्या आत प्लेट अंपायर बाकीच्यांकडे नजर टाकतो. आऊट किती झाले ते बोटांनी दाखवतो. समोरचा तीच खूण परत करतो. परत करणं इथे महत्त्वाचं. नुसतं “मी सांगितलं” पुरत नाही, “तुला कळलं हे मला कळलं” इथपर्यंत यावं लागतं. माझा जोडीदार निवृत्त शिक्षक आहे. मी खूण परत केली नाही तर तो मास्क वर करून माझ्याकडे पाहत उभाच राहतो, वर्गात पाठीमागच्या बाकावर झोपलेल्या पोराकडे पाहावं तसा.

आऊटच्या आकड्याबरोबर त्या वेळची परिस्थिती सांगणाऱ्या खुणाही असतात. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर असतील आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील, तर ‘इनफिल्ड फ्लाय’चा नियम लागू होऊ शकतो. त्याची आठवण कुणी छातीवर हात आडवा ठेवून देतं, कुणी टोपीच्या झापेला बोटं लावून. लीगनुसार यात फरक पडतो, म्हणून सामन्याआधी एकमेकांना विचारून घेतलेलं बरं.

दोन आऊट झालेले आणि रनर धाव घेण्याच्या बेतात असेल, तर मनगटावर दोन बोटं टेकवतात, घड्याळ दाखवावं तशी. म्हणजे वेळेचा मामला आहे. तिसरा गडी दुसऱ्या बेसवर टॅग होऊन (फिल्डरने चेंडू अंगाला लावून) बाद झाला, तर त्याआधी पुढच्या रनरने होम प्लेटला पाय लावला होता का, हे प्लेट अंपायरला पाहावं लागतं. आधी लावला असेल तर धाव मोजायची, नंतर लावला असेल तर नाही. हे दोन प्रसंग चाळीस-पन्नास फुटांच्या अंतरावर नव्हे, त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर घडतात. एका नजरेत मावत नाहीत. आधी सावध नसाल तर निकाल अंदाजाने द्यावा लागतो, आणि ते प्रेक्षकांना लगेच कळतं.

तिसरी खूण जागा बदलण्याची. दोघांच्या क्रूमध्ये पहिल्या बेसवर एकटा रनर असेल तर प्लेट अंपायर तिसऱ्या बेसकडे बोट करतो: फटका बसला आणि हा तिसऱ्यावर पळाला, तर तिकडे मी जाईन, तू मागच्याला सांभाळ.

क्रिकेटच्या अंपायरांनाही हे नवं नाही. ओव्हर संपत आली की बोलिंग एंडचा आणि लेगचा अंपायर किती चेंडू राहिले ते बोटांनी एकमेकांना दाखवतात. जात तीच, फक्त इथे दर पिचला करावं लागतं.

हा इनफिल्ड फ्लाय काय प्रकार आहे? त्यासाठी एवढी आठवण कशाला?

पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर आहेत. बॅटरने सोपा झेल उंच उडवला. रनर बिचारे झेल होणार म्हणून जागेवर थांबले. अशा वेळी लबाड फिल्डर झेल मुद्दाम सोडेल, चेंडू उचलेल आणि थांबलेल्या दोघांनाही बाद करेल. ही चलाखी बंद करायला नियम आला: इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) सहज पकडता येईल असा झेल असेल तर अंपायरने बोट वर करून लगेच जाहीर करायचं, बॅटर बाद. मग झेल सुटला तरी फरक नाही.

‘लगेच’ या शब्दात सगळी मेख आहे. रनरला कळावं म्हणूनच तर ही घोषणा असते. आणि एकाने बोट वर केलं की बाकीच्यांनीही करायचं असतं, म्हणजे मैदानात सगळीकडून दिसतं.

५ ऑक्टोबर २०१२ ला अटलांटात नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) वाइल्ड कार्ड, म्हणजे हरला तो बाहेर असा प्लेऑफचा सामना होता, सेंट लुईसविरुद्ध. आठव्या इनिंगमध्ये एक आऊट, दोन रनर. अटलांटाच्या बॅटरचा झेल डाव्या बाजूला बराच आत गेला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) मागे पळत गेला आणि ऐन वेळी बाजूला झाला. चेंडू त्याच्या आणि लेफ्ट फिल्डरच्या मध्ये पडला. अटलांटाला वाटलं बेस भरले! पण डाव्या रेषेवरचे अंपायर सॅम हॉलब्रुक यांचा हात वर होता, आणि तो चेंडू पडायच्या अगदी जरासा आधी वर गेला होता. बॅटर बाद. प्रेक्षकांनी बाटल्या आणि कप असे फेकले की सामना १९ मिनिटं थांबला. अटलांटाने तक्रार नोंदवली, ती फेटाळली गेली, सामनाही ६-३ ने गेला. ‘सहज पकडता येण्याजोगा’ की नाही यावर आजही वाद घालता येईल. मला खुपतो तो उशीर. इतक्या उशिरा आलेली घोषणा रनरच्या काही उपयोगाची नाही.

चेंडू उडाल्यावर ते ओरडतात काय?

पुस्तकी नव्हे, अगदी साधी वाक्यं. “गोइंग आऊट!” म्हणजे मी झेल बघायला आऊटफिल्डकडे निघालो, माझा बेस तुम्ही बघा. “आय गॉट थर्ड!” म्हणजे तिसऱ्या बेसला मी पोचलोय. “गोइंग होम!” म्हणजे रनर थांबला, मी परत प्लेटकडे. एक बाहेर गेला की उरलेल्यांनी त्याची जागा भरायची, आणि बाहेर गेलेल्याने ते पूर्ण होईपर्यंत मध्ये परत घुसायचं नाही. घुसला की एका बेसवर दोघे आणि एका बेसवर कुणीच नाही.

ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाहीये. दुसऱ्या हंगामात मी प्लेटमागे होतो. रनर पहिल्यावर, फटका उजवीकडे. मी तिसऱ्याकडे धावलो खरा, पण तोंडातून शब्द काढला नाही. जोडीदाराला वाटलं मी मागेच आहे, म्हणून तोही तिसऱ्याकडे वळला. दोघांनी एकाच वेळी निर्णय दिला. त्याचा सेफ, माझा आऊट. दहा वर्षांचा रनर आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होता, आणि एका बाईंनी भर मैदानात विचारलं, “तुम्ही नाणं का नाही उडवत?”

अशा वेळी नियम सांगतो की मुख्य अंपायरने सगळ्या अंपायरांना जवळ बोलवावं, खेळाडू आणि मॅनेजर यांना दूर ठेवावं, आणि कोण जास्त चांगल्या जागी होता ते बघून एक निर्णय ठेवावा. मुख्य म्हणजे प्लेट अंपायर, म्हणजे त्या दिवशी मीच. चांगल्या जागी तो होता. मी माझा हात खाली घेतला.

फाऊल झाला की “फाऊल!” ओरडतात. मग फेअर असला की गप्प का?

फाऊल म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, फेअर म्हणजे आतला. गप्प राहायचं कारण गोंगाटात ‘फेअर’ आणि ‘फाऊल’ कानाला सारखेच वाटू शकतात. सुरुवात एकाच अक्षराची. “फाऊल” ऐकलं असं वाटून रनर थांबला तर संपलंच. म्हणून फाऊलला आवाज, आणि फेअरला तोंड बंद ठेवून आतल्या बाजूला नुसतं बोट. इतकी साधी युक्ती, पण ज्याने काढली त्याला दंडवत.

‘टाइम’चं, म्हणजे खेळ थांबवायच्या हाकेचं, मात्र उलट. एकाने दोन्ही हात वर करून टाइम म्हटलं की बाकी सगळ्यांनी तेच करायचं. एकाचं कुणी ऐकलं नाही तरी चौघांचं ऐकतील.

प्लेट अंपायर मध्येच दूरच्या अंपायरकडे बोट दाखवतो आणि तो मूठ दाखवतो. हे काय?

चेक स्विंग. बॅटरने बॅट फिरवायला सुरुवात केली आणि अर्ध्यात आवरली. ती ‘गेली’ की ‘नाही गेली’? मागे वाकलेल्या अंपायरला पिचकडे बघायचं असतं, बॅटचं टोक किती पुढे आलं हे बाजूने जास्त चांगलं दिसतं. बॅट गेली तर स्ट्राइक (तीन झाले की बाद), नाही गेली आणि पिचही कक्षेबाहेर असेल तर ‘बॉल’. प्लेट अंपायरने ‘बॉल’ म्हटलं तर कॅचर विनंती करू शकतो की बेसवरच्या अंपायरला विचारा. विनंती झाली की विचारावंच लागतं. उजव्या हाताचा बॅटर असेल तर पहिल्या बेसच्या अंपायरला, डावखुरा असेल तर तिसऱ्याच्या. प्लेटवरून बोट आणि “डिड ही गो?” तिकडून मूठ म्हणजे हो, दोन्ही हात बाजूला पसरले म्हणजे नाही.

सगळ्या मैदानासमोर एक अंपायर दुसऱ्याला उघडपणे “तू सांग” म्हणतो, असा प्रसंग या खेळात रोज दहादा येतो. क्रिकेटमधला लेग अंपायरकडे बघणारा अंपायर आठवा.

यापेक्षा गुपचूप चालणारी एक मदत आहे. तिसरा स्ट्राइक जमिनीला घासून कॅचरच्या हातात गेला का, हे प्लेट अंपायरला कधीकधी दिसत नाही, कारण कॅचरची पाठ मध्ये येते. (घासला असेल तर काही परिस्थितींत बॅटर लगेच बाद होत नाही, पहिल्या बेसकडे पळू शकतो.) तेव्हा बेसवरचा अंपायर मांडीजवळ मूठ धरतो, म्हणजे स्वच्छ पकडला, किंवा बोट खाली करतो, म्हणजे टप्पा पडला. बघणाऱ्याला वाटतं माणूस पाय खाजवतोय.

दुसऱ्या अंपायरने चूक केलेली दिसली, तर जाऊन सांगता येतं का?

नाही. निदान असं नाही. नियमपुस्तकात हे स्वच्छ लिहिलंय: निर्णय देणाऱ्या अंपायरने विचारल्याशिवाय दुसऱ्याने त्या निर्णयावर टीका करायची नाही, तो बदलायचा प्रयत्न करायचा नाही, त्यात ढवळाढवळ करायची नाही. विचारलं तर मात्र जे पाहिलं ते सांगायचं.

नवख्यांना हा नियम मानापमानाचा वाटतो. मला तो व्यवहाराचा वाटतो. चौघेही एकमेकांच्या निर्णयात तोंड घालायला लागले तर डगआउटमधला (संघ बसतो तिथला) मॅनेजर दर वेळी चौघांकडे फिरेल, जिथे होकार मिळेल तिथे थांबेल. आई नाही म्हणाली की बाबांकडे जाणाऱ्या मुलासारखा.

पण या नियमाची किंमत कधीकधी फार मोठी असते. २ जून २०१० ला डेट्रॉइटच्या आर्मांडो गलारागाने क्लीव्हलँडचे सलग २६ बॅटर बाद केले होते. आणखी एक, की परफेक्ट गेम, म्हणजे सामनाभर एकही बॅटर बेसवर पोचू दिला नाही असा. सत्ताविसावा बॅटर पहिल्या बेसच्या आधी बाद झाला होता, टीव्हीवर लख्ख दिसत होतं. पहिल्या बेसचे अंपायर जिम जॉइस यांनी सेफ दिला. त्यांच्या मनात शंकाच नव्हती. ज्याला शंका नाही तो कशाला विचारेल, आणि न विचारता बाकीचे कसे बोलतील? अशा निर्णयासाठी रिप्लेही तेव्हा नव्हता. सामन्यानंतर चित्रफीत बघून जॉइस यांनी गलारागाची भेट घेतली आणि चूक कबूल केली. वर सांगितलेल्या चक्राप्रमाणे दुसऱ्या दिवशी प्लेटमागे जॉइसच होते. संघाची यादी द्यायला डेट्रॉइटने गलारागालाच पाठवलं. जॉइस यांनी डोळे पुसत ती घेतली.

मग घोळका करून उभे राहतात तेव्हा काय चालतं?

तेव्हा निर्णय देणाऱ्याने बोलावलेलं असतं, किंवा क्रू चीफने. आम्हाला शिकवलं गेलं ते असं: आधी निर्णय देणारा सांगतो की मी काय पाहिलं आणि काय दिसलं नाही. मग ज्याने काही पाहिलंय तोच बोलतो. “मला वाटतं” हा शब्द बंद. ज्याने काही पाहिलं नाही त्याने गप्प उभं राहून मॅनेजरला दूर ठेवायचं. शेवटी पाठी वळण्याआधी रनर कुठे ठेवायचे तेही ठरवायचं, कारण निर्णय बदलला की कोण कोणत्या बेसवर जाईल हा पुढचा वाद तयारच असतो.

घोळक्याचा सगळ्यात चांगला दिवस बघायचा असेल तर १९ ऑक्टोबर २००४ शोधा. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, बॉस्टनविरुद्ध अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना. आधी बॉस्टनच्या मार्क बेलहॉर्नचा फटका डावीकडे प्रेक्षकाला लागून मैदानात परत आला. डाव्या रेषेवरच्या अंपायरने तो चेंडू खेळात धरला. सहाजण जमले, बोलले, आणि तीन धावांचा होम रन (थेट कुंपणापलीकडे गेलेला फटका, इथला षटकार) दिला. डावीकडचा तो अंपायर कोण माहितीये? जिम जॉइस. त्या दिवशी त्यांना मदत मिळाली.

पुढे आठव्या इनिंगमध्ये यांकीजचा अॅलेक्स रॉड्रिगेझ पहिल्या बेसकडे पळताना पिचर ब्रॉन्सन अरोयोच्या हातमोज्यावर चापट मारून चेंडू उडवून गेला. पहिल्या बेसचे अंपायर रँडी मार्श यांच्या डोळ्यांसमोर नेमका खेळाडू आडवा आला होता. पुन्हा घोळका. प्लेटवरून जो वेस्ट यांनी चापट पाहिली होती. रॉड्रिगेझ बाद, रनर परत पहिल्यावर. घरच्या मैदानावर, घरच्या संघाविरुद्ध, एका रात्रीत दोन निर्णय फिरवायचे! प्रेक्षकांचा राग इतका होता की पोलीस शिरस्त्राणं घालून रेषेवर बसवावे लागले. दोन्ही निर्णय बरोबर होते.

या खुणा आल्या कुठून? बहिऱ्या खेळाडूमुळे आल्या म्हणतात, ते खरं का?

ती गोष्ट गोड आहे आणि अर्धीच खरी आहे. विल्यम हॉय लहानपणीच बहिरे झाले होते. १८८८ ते १९०२ मेजर लीगमध्ये खेळले, तेही उत्तम, पहिल्याच हंगामात त्यांनी लीगमध्ये सगळ्यात जास्त बेस चोरले (फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला). बॉल-स्ट्राइकची हाक त्यांना ऐकू येत नसे, म्हणून तिसऱ्या बेसजवळचा त्यांच्याच संघाचा कोच हाताने खूण करी. पण अंपायरांनी त्यांच्यासाठी खुणा सुरू केल्या याचा भक्कम पुरावा नाही.

त्याच्या आधी, १८८६ मध्ये, अलाबामातल्या मोबिल गावात एड डंडन नावाच्या बहिऱ्या पिचरने एका सामन्यात अंपायरिंग केलं, आणि उजव्या हाताच्या बोटांनी स्ट्राइक, डाव्या हाताच्या बोटांनी बॉल दाखवले अशी तेव्हाची बातमी आहे. आजही प्लेट अंपायर आकडा दाखवतो तो असाच: डाव्या हातावर बॉल, उजव्या हातावर स्ट्राइक.

मग १९०५ च्या सुमारास साय रिगलर हे स्ट्राइकला उजवा हात वर करायला लागले, तेव्हा ते छोट्या लीगमध्ये होते. मेजर लीगमध्ये खुणांना वजन मिळवून दिल्याचं श्रेय बिल क्लेम घेत. ते १९०५ ते १९४१ नॅशनल लीगचे अंपायर होते आणि १९५३ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. एकूण काय, ही गोष्ट एका माणसाने शोधली असं म्हणायला जागा नाही. प्रेक्षक वाढले, आवाज पोचेना, हात वर गेले.

खूणच घोटाळ्याची असेल तर?

१२ ऑक्टोबर २००५, शिकागो. व्हाइट सॉक्स विरुद्ध एंजल्स, १-१, नववी इनिंग, दोन आऊट. ए. जे. पिअर्झिन्स्कीची बॅट हुकली, तिसरा स्ट्राइक. प्लेट अंपायर डग एडिंग्ज यांनी हात बाजूला केला आणि मग मूठ आवळली. एंजल्सच्या कॅचरला वाटलं बाद झाला, त्याने चेंडू पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडला आणि निघाला. एडिंग्ज यांच्या मते चेंडूला टप्पा पडला होता आणि मूठ ही त्यांची फक्त स्ट्राइकची खूण होती. पिअर्झिन्स्की पहिल्या बेसवर पळाला. घोळका झाला, निर्णय राहिला. त्याच्या जागी आलेल्या रनरने दुसरा बेस चोरला, पुढच्या फटक्यावर धाव, शिकागो २-१.

टप्पा पडला की नाही हे सोडून द्या. एका मुठीचे दोन अर्थ होत असतील तर ती खूण नव्हे.

आता रिप्ले आलाय. मग अंपायर एकमेकांना विचारतच नसतील?

विचारतात, कारण सगळ्या गोष्टी रिप्लेत बसत नाहीत. मेजर लीगमध्ये २००८ मध्ये फक्त होम रनसाठी रिप्ले आला, २०१४ पासून मॅनेजरला बऱ्याच निर्णयांना आव्हान देता येतं. क्रू चीफ आणखी एका अंपायरला घेऊन बाजूला जातो, हेडसेट कानाला लावतो आणि न्यूयॉर्कच्या केंद्राशी बोलतो. तिकडे बसलेला अंपायरच निर्णय देतो, मैदानावरचे फक्त ऐकतात. २०२२ पासून क्रू चीफ माइकवर प्रेक्षकांनाही निकाल सांगतो. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचे चेहरे शाळेच्या गॅदरिंगला प्रथमच माइक हातात आलेल्या मुलासारखे होते.

जपानमध्ये अंपायर माइकवरून खुलासा करण्याची रीत जुनीच. तिथे २०१८ मध्ये मॅनेजरची ‘रिक्वेस्ट’ सुरू झाली तेव्हा अंपायर स्वतःच आत जाऊन चित्रफीत बघायचे. मला ही पद्धत जास्त आवडते. ज्याने चूक केली त्यानेच ती बघावी.

बॉल-स्ट्राइक यंत्र ठरवायला लागलं की हे सगळं संपेल का?

दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ मध्ये हे पूर्ण यंत्रावर सोपवलं. यंत्र प्लेट अंपायरच्या कानात सांगतं, अंपायर हाक देतो. त्याच वर्षी १४ एप्रिलला डेगूमध्ये यंत्राने स्ट्राइक सांगितला आणि अंपायरने तो दिलाच नाही. काही पिचनंतर पाहुण्या संघाने डगआउटमधल्या टॅब्लेटवर तफावत पाहिली. अंपायर जमले. आणि त्यांचं बोलणं टीव्हीच्या माइकने पकडलं: यंत्राकडून बॉल असंच ऐकू आलं म्हणून सांगू, सुटायला दुसरा मार्ग नाही, अशा अर्थाचं. लीगने क्रू चीफचा करार संपवला आणि आणखी दोघांना बिनपगारी निलंबित केलं.

घोळक्याबद्दल वर मी कौतुकाने लिहिलं. हाही घोळकाच होता. चौघे एकत्र येऊन खरं शोधू शकतात, तसं दडवूही शकतात.

मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून मधला रस्ता धरला. हाक माणूस देतो, आणि बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर हात आपटून यंत्राला विचारू शकतो. सुरुवातीला प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शिल्लक. बेसवर कोण धावणार, झेल कोण बघणार, बॅट गेली की नाही, हे अजून माणसांनीच एकमेकांत ठरवायचं आहे.

अंपायरांनी एकमेकांना कधी लेखी काही दिलंय का?

दिलंय, आणि तो माझा सगळ्यात आवडता किस्सा आहे.

२४ जुलै १९८३, न्यूयॉर्क. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या इनिंगमध्ये दोन धावांचा होम रन मारून संघाला ५-४ असं पुढे नेलं. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन बाहेर आले: याच्या बॅटवर पाइनचं चिकट डांबर नियमापेक्षा वरपर्यंत आहे. मर्यादा मुठीच्या टोकापासून १८ इंचांची. अंपायर जमले, मोजपट्टी नव्हती, म्हणून बॅट १७ इंच रुंद होम प्लेटवर आडवी ठेवून मापली. ब्रेट बाद, सामना संपला. ब्रेट डगआउटमधून कसा धावून आला ते तुम्ही पाहिलं असेलच.

लीगच्या अध्यक्षांनी तक्रार मान्य केली, होम रन कायम ठेवला, आणि सामना तिथून पुढे १८ ऑगस्टला खेळायचं ठरलं. त्या दिवशी अंपायर वेगळे होते. मार्टिनने हेच हेरलं. खेळ सुरू होताच पिचरला चेंडू पहिल्या बेसवर टाकायला लावला: ब्रेटने बेसला पाय लावलाच नव्हता! अंपायरने सेफ दिला. मग दुसऱ्या बेसवर. पुन्हा सेफ. मार्टिन बाहेर आले. तुम्ही तर त्या दिवशी इथे नव्हताच, तुम्हाला काय माहीत?

क्रू चीफ डेव्ह फिलिप्स यांनी खिशात हात घातला आणि एक कागद काढला. जुलैच्या चारही अंपायरांनी सह्या करून दिलेलं प्रतिज्ञापत्र: ब्रेट आणि त्याच्या पुढच्या रनरने सगळ्या बेसना पाय लावला होता.